बॅग भरण्याआधी मर्यादा ठरवा



येत्या डिसेंबरात आमचं अख्खं कुटुंब क्रूझला निघालं आहे. सिंगापूरला जहाजात चढायचं, मलेशियातलं पेनांग आणि थायलंडमधलं फुकेत बघायचं आणि चार रात्रींनी परत सिंगापूरला उतरायचं. आम्ही तिघी जावा, आमचे यजमान, नणंदबाईंचं कुटुंब, मुलं-सुना, नातवंडं असे चौदा जण ठरले. थोरल्या जाऊबाईंचा मुलगा सिंगापुरात नोकरीला असतो, बेत त्याचाच. "काकू, तुम्ही फक्त बॅग भरा, बाकीचं मी बघतो," असं तो म्हणाला, आणि तिकिटांचं त्यानं बघितलंही.

पण बातमी मंदिरात पोचली आणि दोन तऱ्हेची मतं कानावर यायला लागली. काही जणी म्हणाल्या, जिथं दारू, मांस आणि जुगाराचे टेबल एकाच छपराखाली, तिथं जैन बाईनं पायच ठेवू नये. काही जणी म्हणाल्या, चार दिवसांचा तर प्रश्न, प्रवासात सगळं चालतं, परत आल्यावर प्रायश्चित्त घेऊन टाका. मला यातलं एकही मत पटत नाही. जायला हरकत नाही. पण किती, कुठवर आणि काय, हे निघण्याआधी ठरवायचं आणि कागदावर लिहून ठेवायचं. माझ्या मते क्रूझची खरी तयारी ती आहे. साड्या आणि चपला नंतर.

समुद्राचं म्हणाल तर तो आपल्याला परका नाही. सिद्धचक्र विधानाच्या वेळी आपण श्रीपाल-मैनासुंदरीची कथा ऐकतो. त्यात श्रीपाल धवल शेठच्या जहाजांवरूनच परदेशी जातो. अलीकडचं उदाहरण घ्या. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माची बाजू मांडायला वीरचंद राघवजी गांधी मुंबईहून बोटीनं गेले. बोलावणं आचार्य आत्मारामजी महाराजांना होतं, पण साधूंच्या मर्यादेत तो प्रवास बसत नव्हता, म्हणून त्यांनी वीरचंदजींना पाठवलं. समुद्र ओलांडला म्हणून समाजातल्या काहींनी नंतर त्यांना नावं ठेवली, आणि आज आपण अभिमानानं त्यांचं नाव घेतो. आम्ही काही धर्मप्रसाराला निघालो नाही, मौजेला निघालो आहोत, हे मला कळतं. पण साधूंची मर्यादा वेगळी आणि श्रावकाची वेगळी, एवढं त्या गोष्टीतून दिसतं. श्रावकानं आपली मर्यादा आपण आखायची असते.

त्यासाठीच आपल्याकडे दिग्व्रत सांगितलं आहे. दहाही दिशांना मी अमुक ठिकाणापलीकडे जाणार नाही, असा जन्मभराचा नियम. त्याच्या आत पुन्हा थोड्या काळासाठी आणखी लहान हद्द आखायची, ते देशावकाशिक व्रत. तत्त्वार्थसूत्रात दिग्व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यातले दोन मला क्रूझच्या तयारीत सारखे आठवतात. एक क्षेत्रवृद्धी, म्हणजे लोभापायी ठरवलेली हद्द वाढवून घेणं. दुसरा स्मृत्यंतराधान, म्हणजे ठरवलेली हद्दच विसरून जाणं. जहाजावर दिवसभर खाणं उघडं असतं, पैसे रोख द्यावे लागत नाहीत, घड्याळाकडे कुणी बघत नाही. सगळी रचनाच माणसाला आपली हद्द विसरायला लावणारी. म्हणून ती आधी लिहून ठेवायची.

आमच्या घरात हा विषय पुस्तकातला राहिला नाही. सासूबाईंचं वय ८६. त्यांनी वीस वर्षांपूर्वी दिग्व्रत घेतलं आहे. पूर्वेला सम्मेदशिखर, पश्चिमेला गिरनार, उत्तरेला हस्तिनापूर, दक्षिणेला मूडबिद्री. सिंगापूर कुठल्याच बाजूनं त्यात बसत नाही. घरातल्या एकानं सुचवलं, महाराजांना विचारून आईंची मर्यादा वाढवून घेऊ, एवढं सगळं कुटुंब जातंय, त्यांना एकटं का ठेवायचं? हेतू चांगला होता. पण मी स्पष्ट विरोध केला. आपल्या सोयीसाठी म्हाताऱ्या माणसाचं व्रत वाकवायचं आणि त्याला प्रेम म्हणायचं, हे मला मान्य नाही. शिवाय आईंना कुणी विचारलंच नव्हतं. विचारल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही जावा. मी माझ्या हद्दीत सुखात आहे."

मग पुढचा प्रश्न आला, आईंजवळ कोण राहणार? मैत्रिणींनो, अशा वेळी आपल्या घरांतून काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. कुणी काही बोलत नाही, सगळे एका सुनेकडे बघतात आणि ती "मी राहते" म्हणून मोकळी होते. मग ती किती गुणाची, याचं चार दिवस कौतुक. माझं म्हणणं असं, की हा प्रश्न घरातल्या सगळ्यांसमोर, पुरुषांसमोरही, मोठ्यानं विचारावा. मी विचारला. दोन मिनिटं कुणीच बोललं नाही. मग धाकटे भाऊजी म्हणाले, "आईजवळ मी राहतो." त्यांचं दुकान लहान आहे. वरखर्चाच्या धास्तीनं तर माघार घेत नाहीत ना, अशी मला शंका आली, म्हणून नंतर बाजूला घेऊन विचारलं. ते हसून म्हणाले, "वहिनी, पैशाचं नाही. आईला सकाळी मंदिरात नेणं, संध्याकाळी तिच्या वेळेला तिच्याबरोबर जेवणं, हे मला या निमित्तानं करायला मिळेल. नाहीतर दुकानातून उठवतंय कोण?" धाकट्या जाऊबाई मात्र आमच्याबरोबर येणार. चौदाचे आम्ही तेरा झालो. ज्या घरात कुणी वडीलधारं मागे राहणार आहे, तिथं तिकीट काढण्याआधी ही बैठक झालीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आता जेवणाचं. बहुतेक मोठ्या जहाजांवर आता जैन जेवण मिळतं, पण ते बुकिंगच्या वेळीच कळवावं लागतं. आणि "जैन" एवढ्या एका शब्दावर विसंबू नका. कुणाच्या लेखी जैन म्हणजे नुसतं कांदा-लसूण नाही, बटाटा-गाजर चालतं. कुणी आलं घालतं. पूर्वेकडच्या देशांत तर "व्हेजिटेरियन" म्हटलेल्या भाजीतही मासळीचा किंवा कालव्याचा सॉस पडलेला असतो. जिलेटिन हे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून निघतं आणि ते मूस, पुडिंग, मार्शमेलो यांत असू शकतं. केकमध्ये अंडं, चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, सूपमध्ये मांसाचं पाणी, गोडात मध. नातवंडांचे डोळे याच टेबलाकडे असतात. म्हणून मी सुनेकडून एक चिठ्ठी इंग्रजीत टाइप करून घेतली आहे: मांस, मासे, अंडं, जिलेटिन, मध, मश्रूम, कांदा, लसूण, आलं, बटाटा, गाजर, बीट, मुळा यातलं काही नको. पहिल्या संध्याकाळी मुख्य वाढप्याच्या हातात ती द्यायची. नुसतं तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी बदललेल्या माणसापर्यंत पोचत नाही.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करू. त्या स्वयंपाकघरात शेजारच्या शेगडीवर काय शिजतं ते आपल्या हातात नाही. ज्या व्रती बायका शुद्ध मर्यादेचंच जेवण घेतात, त्यांच्यासाठी जहाज नाही. त्यांना आग्रह करू नये, आणि त्यांनी न जाणाऱ्यांत असणं हे मागासलेपण समजू नये.

सूर्यास्ताचं गणित वेगळं मांडावं लागतं. सांगलीत डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. सिंगापूर विषुववृत्ताच्या अगदी जवळ, त्यामुळे तिथं वर्षभर सातच्या आसपास मावळतो. म्हणजे आपल्याला तासभर जास्तच मिळतो. फुकेतचं घड्याळ मात्र सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे, आणि तिथं डिसेंबरात सव्वासहाच्या सुमाराला सूर्यास्त. काही जहाजं बंदर बदललं की घड्याळ बदलतात, काही बदलत नाहीत, आणि मोबाइल आपोआप तिथली वेळ दाखवायला लागतो. तेव्हा जहाजाची वेळ कुठली ते रोज विचारून घ्यायचं. दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटं आधी जेवण उरकणाऱ्यांनी तर नक्कीच. मोठ्या जेवणघरात सहसा दोन पंगती असतात. त्यातली पहिली आधीच मागून घ्यायची. तीही उशिराची असेल तर बुफे लवकर उघडतो का ते पाहायचं. आमच्यातल्या सहा जणांना रात्रीभोजनाचा त्याग आहे, सात जणांना नाही. आम्ही सहा जण आधी जेवणार. उरलेले जेवताना त्यांच्याजवळ पाहिजे तर गप्पा मारत बसू, पण त्यांच्या ताटाकडे बघून सुस्कारे टाकणार नाही. त्यांनीही "आज एक दिवस घ्या हो" म्हणायचं नाही. हे दोन्ही बाजूंनी कबूल करून घेतलं आहे.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा मुद्दा. स्वयंपाकघर जहाजावर नेऊ नका. आपल्या यात्रा आठवा. शिखरजीला गेलो तरी आम्ही जावांनी आठ दिवस आधी दशम्या, चिवडे, लाडू, चटण्या केल्या, आणि गाडीतही वाढणं-आवरणं आमच्याकडेच. या वेळीही थोरल्या जाऊबाईंनी यादी काढलीच होती: खाकरे पाच किलो, पुऱ्या, मेतकूट, वर इलेक्ट्रिक किटली. किटली आणि इस्त्री बहुतेक जहाजांवर आगीच्या भीतीनं नेऊच देत नाहीत. घरी केलेले पदार्थही सहसा अडवतात, बंद पाकिटं चालतात. मला तर हा नियम बायकांवर उपकारच वाटतो. खाकरा, राजगिरा वडी, भाजलेले मखाणे यांची दोन-दोन बंद पाकिटं प्रत्येकानं आपल्या बॅगेत ठेवायची आणि स्वतःचं स्वतः काढून खायचं. "काकू, काही आहे का खायला?" हा प्रश्न चार दिवस ऐकू आला नाही, तर माझी सहल तिथंच सुफळ झाली. धर्म सांभाळायचा तो प्रत्येकानं आपापला. घरातल्या बायकांनी सगळ्यांचा डोक्यावर वाहायचा नाही.

हिशेबाचं थोडं सांगते, कारण बी. कॉम.चं शिक्षण स्वस्थ बसू देत नाही. तिकिटात खोली, मुख्य जेवण आणि बहुतेक करमणूक येते. वेगळं काय पडतं, त्याची यादी करा: बंदरावरच्या सहली, इंटरनेट, खास हॉटेलं, पेयं, फोटो, आणि सेवाशुल्क. हे सेवाशुल्क बहुतेक कंपन्यांत माणशी रोजी १५ ते २० अमेरिकन डॉलरच्या आसपास असतं. १६ डॉलर धरले तर तेरा जणांचे चार रात्रींचे ८३२ डॉलर होतात, आणि ही रक्कम कितीदा शेवटच्या सकाळी बिलात दिसते. तिकिटं एकानं काढली तरी हा वरखर्च घरटी वाटून घ्यायचा, असं आम्ही ठरवलं. पुतण्या नको म्हणत होता. पण देणाऱ्याचं मन मोठं असलं तर घेणाऱ्यानं हात आवरता ठेवावा.

आणखी दोन बारकावे. परदेशी सहलीचं पॅकेज भारतातून घेतलं तर टीसीएस कापला जातो. तो ज्याच्या पॅनवर कापला, त्यालाच विवरणपत्रात वळता मिळतो. सगळ्यांचे पैसे एकाच्या नावानं भरताना हे लक्षात ठेवा. दुसरं, जहाजावर खोलीचं कार्डच पैशासारखं चालतं. मुलांच्या हातात ते देण्याआधी मदत-कक्षात जाऊन त्यावर मर्यादा घालता येते का ते विचारा. कॅसिनोही तिथंच असतो, आणि सप्तव्यसनांच्या यादीत जुगार पहिला आहे. "नुसतं बघायला" जाणाऱ्या तरुण मंडळींना हे घरीच सांगितलेलं बरं. जहाजावर चारचौघांत सांगितलं तर राग येतो.

तब्येतीचं आणि कागदांचं थोडक्यात. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने तरी उरलेली हवी. आपण सिंगापूरला दोनदा उतरतो, तेव्हा पुन्हा प्रवेश चालेल असाच व्हिसा आहे ना ते पाहा. विमा घेताना त्यात जहाजावरचे उपचार धरले आहेत का ते विचारा, कारण तिथला डॉक्टर महाग पडतो. ज्यांना बोट लागते त्यांनी जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी, हेलकावे तिथं कमी जाणवतात. मोठी बॅग चढताना घेतात आणि खोलीत संध्याकाळपर्यंत पोचते, म्हणून औषधं, जपमाळ आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत.

आणि सुरक्षेची कवायत कुणी चुकवू नका. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया जहाज खडकावर आपटलं आणि ३२ माणसं गेली. त्यातल्या शेकडो नव्या प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती. त्यानंतर कवायत निघण्याआधी किंवा निघताक्षणी घेण्याचा नियम झाला. तेव्हा नातवंडांना घेऊन, आपली जमायची जागा कुठली आणि जिना कुठला ते पायी जाऊन बघून ठेवायचं. संकटात लिफ्ट वापरायची नसते.

कपड्यांवर मी जास्त बोलणार नाही. एका रात्री ठेवणीतले कपडे घालायचे असतात, त्याला आपली चांगली सुती साडी पुरते. रेशमासाठी किती किडे उकळतात ते आपल्याला ठाऊक आहे. बंदरावरच्या सहली निवडताना मात्र विचार करा. फुकेतला हत्तीवर बसवण्याच्या आणि वाघाबरोबर फोटो काढण्याच्या सहली मिळतात. साखळीतल्या प्राण्याच्या जिवावर आपली मौज नको, हे मी नातवंडांना आतापासून सांगते आहे. पेनांगचं जॉर्जटाउन हे जुनं शहर २००८ पासून जागतिक वारसा आहे. तिथं पायी हिंडायला खूप आहे.

देवदर्शनाचा रोजचा नियम असणाऱ्या विचारतात, जहाजावर काय करायचं? सकाळी खोलीत भाववंदना, णमोकाराची माळ, जमेल तशी सामायिक. मंदिरातल्या दर्शनाची बरोबरी त्याला नाही, आणि तसं मानूही नये. ज्यांचा नियम प्रत्यक्ष दर्शनाचा आहे, त्यांनी जायचं की नाही ते आपापल्या महाराजांना विचारून निघण्याआधी ठरवावं.

शेवटी दानाबद्दल. क्रूझ केली म्हणून पापाची फेड करायला दान द्यायचं, हा हिशेब मला कळत नाही. मात्र क्रूझच्या खर्चापायी मंदिराचं, गोशाळेचं, मुलींच्या वसतिगृहाचं आपलं दरवर्षीचं दान एक रुपयानंही कमी होता कामा नये. ते होणार असेल, तर सहल आपल्या ऐपतीबाहेरची आहे असं समजावं.

माझा कागद मी लिहून ठेवला आहे. त्यात पाच ओळी आहेत. सूर्यास्तानंतर पाण्याशिवाय काही नाही. ताटात घेतलेलं उष्टं टाकायचं नाही, बुफे कितीही लांब असला तरी. स्वतःसाठी खरेदी पाच हजारांच्या आत. जहाज आणि ही तीन बंदरं एवढीच हद्द, जमलंच तर अजून एखादं बेट बघू हे नाही. आणि मोबाइलला सिग्नल मिळेल तेव्हा रोज एकदा आईंना फोन. तुमच्या ओळी वेगळ्या असतील, दोन असतील किंवा दहा. मात्र त्या घरी, शांतपणे आणि स्वतःच्या अक्षरात लिहा.

जय जिनेंद्र.